रत्नप्रभाची काठी आणि बाकीची मिळकत

मी, गुणाजी सखाराम घाडी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त ग्रंथालय कर्मचारी, राहणार सदनिका क्रमांक ११, दुसरा मजला, सागरदीप सहकारी गृहनिर्माण संस्था, नवघर रोड, मुलुंड पूर्व, मुंबई, हे मृत्युपत्र माझ्या हस्ताक्षरात लिहून ठेवीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला होता आणि तिने बावन्न वर्षांच्या संसारात तो एकदाही वापरला नाही. माझी स्मरणशक्ती शाबूत असल्याचा डॉ. देवव्रत कर्णिक यांचा दाखला सोबत जोडला आहे. ती थोडी कमी शाबूत असती तर मला बरे पडले असते, पण कायद्याला ती पूर्ण लागते.

यापूर्वी १५ ऑगस्ट २०१९ रोजी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. त्याचे पहिले वाक्य असे होते : "माझी पत्नी सौ. रत्नप्रभा ही माझ्यामागे किमान दहा वर्षे धडधाकट राहील असे धरून मी ही व्यवस्था करीत आहे." मृत्युपत्रातही मी भाषण केले होते. ते वाक्य खोटे ठरले. ते खोटे ठरण्यात माझा हात कसा होता, हे पुढे योग्य त्या कलमात येईल.

कलम १. राहते घर.

सदर सदनिका स्वकष्टार्जित आहे. कागदावर एकट्या माझे नाव आहे, कष्ट मात्र दोघांचे आहेत. गिरणीचा संप चालू असताना मी गेटसभेत बोलायचो. "तसूभर मागे हटणार नाही," असे मी म्हणालो की हजार माणसे हात वर करायची. त्याच वेळी लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत रत्नप्रभा खानावळीला येणाऱ्या अठरा जणांच्या भाकऱ्या थापत असायची. मागे न हटणे म्हणजे काय, ते तिच्या मनगटांना ठाऊक होते. संप संपला, गिरणी गेली, मला मुलुंडच्या एका वाचनालयात पुस्तके उचलून फळीवर ठेवण्याची नोकरी मिळाली. ठेवता ठेवता मी ती वाचली. लालबागची खोली विकून आम्ही इथे आलो ते तिच्या खानावळीच्या पैशांची भर घालून. कागद करताना तिचे नाव घालायचे मला सुचले नाही आणि तिने सुचवले नाही.

ही सदनिका मी माझा एकुलता एक मुलगा निलेश, राहणार बोरिवली पश्चिम, याला संपूर्ण मालकीहक्काने देत आहे. त्याने ती विकावी, भाड्याने द्यावी, काहीही करावे. त्याने इथे राहायला यावे अशी अट नाही. गेले वर्षभर तो या घराचा जिना चढलेला नाही. ही तक्रार नाही. त्याचे कारण मला मान्य आहे आणि ते या दस्तात लिहून ठेवणे हाच दस्ताचा मुख्य हेतू आहे.

कलम २. पुस्तके व भाषणांच्या वह्या.

सातशेच्या आसपास पुस्तके आहेत. ज्या वाचनालयाने मला वाचायला शिकवले त्यालाच ती परत जावीत. वाचनालयाने नको म्हटले तर जो मागेल त्याला द्यावीत.

वह्यांविषयी सविस्तर लिहावे लागेल. निवृत्तीनंतर एकदा बागेत एक ओळखीचे गृहस्थ मला म्हणाले, "काय घाडी, बोनस चालू आहे आता आपला." मला संताप आला. मी तिथेच बाकावर उभा राहिलो आणि बोललो : "म्हातारपण हा बोनस नाही, तो आपला पगार आहे. आपण तो मिळवला आहे. तो मान खाली घालून घ्यायचा नसतो." पंधरा-वीस माणसे जमली. त्यातून 'ताठ कणा ज्येष्ठ मंडळ' निघाले. पुढची चौदा वर्षे मी अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ज्येष्ठांच्या संघांत बोललो. मानधन घेतले नाही. गोळ्या-पावडरी विकणाऱ्यांच्या प्रतिनिधींनी कमिशन देऊ केले, त्यांना मी जिन्यावरून परत पाठवले. स्नायू कमवावेत, हाडे जपावीत, तोल राखावा, डॉक्टरांना विचारून जीवनसत्त्वे घ्यावीत, हे मी सांगितले आणि ते मला आजही खरे वाटते. म्हातारा माणूस कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवून ठेवणे म्हणजे त्याच्या जिवंतपणी त्याच्या फोटोला हार घालणे आहे, हेही मी म्हणालो. तेही मी मागे घेत नाही.

मागे घेतो ते एकच वाक्य. ते असे : "काठी ही लाकडाची शरणागती आहे."

हे वाक्य मी दोनशेहून अधिक सभांत उच्चारले. त्यावर हमखास टाळी मिळायची. कधी सभा थंड पडली की मी ते आधी काढायचो. समोर पन्नास माणसे बसलेली असत, त्यांतल्या आठ-दहांच्या मांड्यांना काठ्या टेकलेल्या असत. मी पाहायचो, ते लोक काठी हळूच खुर्चीखाली सरकवायचे. मला वाटायचे, माझे म्हणणे पटले.

वह्या रद्दीत द्याव्यात. ते वाक्य जिथे जिथे आहे ती पाने आधी फाडून काढावीत. रद्दीवाल्याच्या हातीही ते लागू नये.

कलम ३. स्वयंपाकघरातील वरची फळी.

या फळीवर प्रोटीन पावडरीचे चार डबे (दोन न उघडलेले), कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, बी-ट्वेल्व्ह, माशांच्या तेलाच्या गोळ्या आणि अश्वगंधेचे चूर्ण आहे. ही कोणालाही प्रसाद म्हणून वाटू नयेत. एकाच्या गोळ्या दुसऱ्याने घ्यायच्या नसतात. डॉ. कर्णिकांना दाखवून ते सांगतील त्याप्रमाणे करावे.

रत्नप्रभा हे सगळे घेत असे. सकाळी सात वाजता मी दोन ग्लासांत पावडर घोळवायचो. ती नाक दाबून प्यायची आणि एकच वाक्य रोज म्हणायची, "कुळथाच्या पिठयेन तुमचा काय घोडा मारल्यान होता?" मग मी तिला कुळथात किती प्रथिने आणि पावडरीत किती हे सांगायचो. चौदा वर्षे रोज सांगितले. ती रोज नव्याने ऐकल्यासारखी मान डोलवायची आणि दुपारी पिठीच करायची.

तिच्या गेल्यानंतर पावडर विकणारा एक प्रतिनिधी भेटायला आला होता. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "काकी नियमित घेत होत्या ना? मध्ये गॅप पडला की रिझल्ट येत नाही." ते वाक्य त्याने माझ्याच भाषणांतून उचलले होते.

कलम ४. व्यायामाची साधने.

डंबेलची जोडी, रबरी पट्टे आणि मनगटाची पकड मोजण्याचे यंत्र मंडळाचे चिटणीस चंद्रप्रकाश यांना द्यावे. मी जायचे सोडले तरी त्यांनी सकाळचा वर्ग बंद पडू दिलेला नाही. गेल्या महिन्यात ते सांगत आले होते, "घाडीसाहेब, मेंबर अर्धे राहिले, पण येतात. काठी घेऊन येतात आता. मी काय बोलत नाय कोणाला." मी म्हणालो, बरे करता.

तोल साधायची लाकडी फळी मात्र कोणाला देऊ नये. ती मोडावी.

कलम ५. पावले मोजणारे मनगटी घड्याळ.

हे मी रत्नप्रभाला तिच्या एकाहत्तराव्या वाढदिवसाला दिले. दर रविवारी त्यात बारा-चौदा हजार पावले दिसायची आणि तो आकडा मी सभेत वाचून दाखवायचो : "ही बाई सत्तरी ओलांडून रविवारी चौदा हजार पावले चालते." लोक वळून तिच्याकडे बघायचे. ती पदर सावरायची.

गेल्या मे महिन्यात नात ऋतिका फोनवर रडत म्हणाली, "आजोबा, ती पावलं माझी होती. मी रविवारी तुमच्याकडे यायचे ना, तेव्हा आजी मला घड्याळ द्यायची आणि म्हणायची, जा, खाली बास्केटबॉल खेळ. आजोबांचो आकडो भरून ये."

घड्याळ ऋतिकाला द्यावे. तिने कोणालाही फसवलेले नाही.

कलम ६. निवेदन.

मृत्युपत्रात निवेदन नसते, असे वकिलांनी सांगितले. पण पुढची कलमे याच्याशिवाय समजणार नाहीत.

माझ्या भाषणात ठरलेल्या वेळी मी रत्नप्रभाला व्यासपीठावर बोलवायचो. "हा माझा पुरावा," असे म्हणायचो. मग ती एका पायावर उभी राहायची आणि मी मोठ्याने तीसपर्यंत आकडे मोजायचो. तीस झाले की टाळ्या, मग ती पाय टेकवून खाली आपल्या खुर्चीवर जायची आणि मी पुढे बोलायचो. बारा वर्षे हे असे चालले. पहिली काही वर्षे तिलाही त्याची गंमत वाटायची असे मला वाटते. विचारलेले नाही.

१४ जानेवारी २०२४, रविवार, मंडळाचा वर्धापनदिन. निघताना ती चप्पल घालायला भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "अहो, आज माका उभी करू नकात. पाय माझो आयकणा नाय."

मी म्हणालो, "गोळये चुकवलंस?"

"घेतलंय गोळये. पायाक काय तेचा."

"तीसच आकडे तर असत गो. घाटकोपरसून पावणे येतत."

तिने दुसरी चप्पल पायात सरकवली. मग म्हणाली, "बरा. तुमी बोला, मी उभी रवतंय."

सभागृह भरले होते. तिच्यापुढे चंद्रप्रकाशने माईक धरला, "काकी, दोन शब्द बोला ना." ती म्हणाली, "मी काय बोलतलंय. ते बोलतत, मी उभी रवतंय." लोक खूप हसले. ती उभी राहिली. मी मोजू लागलो. तीसच्या जवळ आल्यावर समोरून टाळ्या सुरू झाल्या आणि माझ्या अंगात आले. मी म्हणालो, "तीसवर थांबायचे ते तरुणांनी. आपण आज साठपर्यंत जाऊ." तिने माझ्याकडे पाहिले. मी लोकांकडे पाहत होतो.

बेचाळीसला तिने पाय टेकवला. कोणीतरी समजूतदारपणे टाळी वाजवली. ती हसली आणि खाली जायला वळली. व्यासपीठाला तीन पायऱ्या आहेत. त्यांना धरायला काहीही नाही. आमच्या इमारतीच्या जिन्याला कठडा आहे आणि ती तो धरूनच चढायची. मला वाटायचे, हात सवयीने जातो. मी तिच्याकडे पाठ करून पुढचा मुद्दा सुरू केला होता.

मागे आवाज झाला. मला वाटले खुर्ची पडली. मी न वळता माईकमध्ये म्हणालो, "खुर्च्या म्हाताऱ्या झाल्या, आपण नाही."

कोणी हसले नाही. तेव्हा मी वळलो.

खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया नीट झाली. मग छातीत कफ भरला. एकोणीस दिवसांनी, २ फेब्रुवारीला, ती गेली. त्या एकोणीस दिवसांत तिने मला एकदाही दोष दिला नाही. शुद्धीत असताना एकदा एवढेच विचारले, "पावण्यांका ज्याव घातलात मा?" पाहुण्यांना जेवू घातले ना, असे ती विचारत होती.

निलेश पहिल्या दिवशी बोरिवलीहून धावत आला. खाटेशेजारी उभा राहून म्हणाला, "बाबा, काठी कुठे आहे तिची?"

"कसली काठी?" मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे असे पाहिले की ते मी लिहू शकत नाही. "राहू दे," म्हणाला.

स्मशानातून बाहेर पडताना त्याने जे सांगितले ते मी शब्द न बदलता इथे उतरवतो, कारण ते त्याचे आहे आणि खरे आहे : "तिला काठी हवी होती, बाबा. टाळ्या तुम्हाला हव्या होत्या."

तेव्हा मला त्याचा राग आला होता. काठी कसली, हे मला तेराव्यानंतर कळले. तळमजल्यावरच्या शुभा टिपणीस वर आल्या. त्यांच्या हातात करड्या रंगाची, अॅल्युमिनियमची, उंची कमीजास्त करता येणारी काठी होती.

"भावोजी, ही वर असायला हवी आता," त्या म्हणाल्या.

"कोणाची?"

"वहिनींची. दोन वर्षं माझ्या दाराआड होती."

मग त्यांनी सांगितले. रत्नप्रभाच्या तळपायांची जाणीव कमी होत चालली होती. दवाखान्यात त्याच तिला घेऊन गेल्या. काठीशिवाय बाहेर पडायचे नाही, असे तिथे सांगितले. काठी निलेशने आणली. रोज ती कठडा धरून दोन मजले उतरायची, शुभाताईंच्या दाराआडून काठी घ्यायची, बाजार, दळण, देऊळ करून यायची, काठी दाराआड ठेवायची आणि कठडा धरून माझ्याकडे वर यायची. शुभाताई म्हणाल्या, "मी शंभरदा म्हटलं असेल, अगं, सांग त्यांना. तर म्हणायची, ह्येंका नको सांगू. ह्येंचा भाषाण पडतला."

काठीच्या टोकाचे रबर दोनदा बदललेले होते. तिसरेही झिजले होते. इतकी ती चालली होती. चौदा हजार पावले खोटी होती, पण ही खरी होती आणि ती मोजायला कोणी नव्हते.

निलेश, तू मला आधी का सांगितले नाहीस, असे मी काही दिवस मनात म्हणत राहिलो. मग आठवले. २०२२ च्या दिवाळीत तू म्हणाला होतास, "बाबा, आईच्या पायांचं जरा..." आणि मी तुला मध्येच तोडून पाय हे मनाचे नोकर असतात यावर चाळीस मिनिटे ऐकवले होते. तू ऐकून घेतलेस, फराळ केलास आणि गेलास. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. ती ऐकत होती.

कलम ७. ध्वनिमुद्रण.

त्या दिवसाचे भाषण चंद्रप्रकाशने फोनवर मुद्रित केले होते. माझ्या सगळ्या भाषणांची मुद्रणे पुसून टाकावीत. हे एक ठेवावे. रत्नप्रभाचा आवाज जगात फक्त यातच आहे. फोटो शेकड्याने आहेत, आवाज कोणी धरून ठेवला नाही, कारण घरात बोलणारा मी होतो.

हे मुद्रण निलेशकडे जावे. बाराव्या मिनिटापासून ऐक. "मी काय बोलतलंय," तिथून. लोक हसतात, त्यात तीही हसते, ते नीट ऐकू येते. पंधरावे मिनिट लागण्याआधी बंद कर. मी वर्षभर रोज ऐकतो आणि रोज तिथे बंद करतो. एकदा हात थांबला नाही. ते तुझ्या वाट्याला येऊ नये.

कलम ८. ठेवी.

बँकेतल्या ठेवींपैकी लागेल तेवढी रक्कम काढून त्या सभागृहाच्या व्यासपीठाच्या तीन पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी धरायला दांडे बसवावेत. मी विश्वस्तांना सात पत्रे लिहिली. एक विश्वस्त मला म्हणाले, "घाडीसाहेब, लग्नाचे फोटो चांगले येत नाहीत हो दांड्यांनी." आयुष्यभर मी अशा माणसांना भर सभेत उभे चिरले आहे. त्या दिवशी नुसता पायऱ्यांकडे बघत परत आलो. माझ्या हयातीत दांडे बसले तर हे कलम आपोआप रद्द होईल. नाही बसले तर व्यवस्थापकांनी विश्वस्तांचा पिच्छा सोडू नये.

दांड्यांवर रत्नप्रभाचे नाव घालू नये. उद्घाटन करू नये. कोणीही, विशेषतः मंडळाच्या कोणीही, तिथे भाषण करू नये. पहिल्यांदा जो म्हातारा हात टेकेल, त्याने टेकावा आणि उतरावे.

उरलेली रक्कम ऋतिकाच्या शिक्षणासाठी.

कलम ९. काठी.

मी आता तीच काठी घेऊन चालतो. माझ्या पायांना तिची तेवढी गरज नाही. बागेवरून जातो तेव्हा सकाळच्या वर्गातले लोक बघतात. त्यांनी बघावे म्हणूनच तिथून जातो.

तिची उंची रत्नप्रभाच्या मापाला लावलेली आहे, तिसऱ्या भोकात. मी ती बदललेली नाही, त्यामुळे मला वाकून चालावे लागते. डॉ. कर्णिक रागावतात, "काका, दोन भोकं वर घ्या, पाठ जाईल." मी म्हणतो, जाऊ दे. चौदा वर्षे ताठ चाललो, ते कोणाच्या पायांवर, हे मला आता कळले आहे.

काठी निलेशला द्यावी. त्याने आणलेली वस्तू त्याच्याकडे परत जात आहे. माझी विनंती एवढीच की ती दाराआड ठेवू नकोस. आल्यागेल्याला दिसेल अशी ठेव. आणि तुझी वेळ येईल तेव्हा कोणाला न विचारता हातात घे. त्या वेळी बटण दाबून उंची तुझ्यापुरती करून घे. मी वाकतो ते माझे मी ठरवले आहे. तू वाकायचे कारण नाही. कोणाच्या मापात बसायला तुझ्या आईने जेवढे वाकायचे तेवढे वाकून झाले आहे.

कलम १०. अंत्यविधी.

देह वैद्यकीय महाविद्यालयाने स्वीकारला तर द्यावा. नाही तर जाळावा. निलेशने यावे अशी माझी इच्छा आहे. आज्ञा नाही. आज्ञा पुष्कळ झाल्या. तो आला तर त्याला कोणी कुठे उभे राहायचे ते सांगू नये. तो आला नाही तर कोणी त्याला बोल लावू नये, आणि लावलाच तर हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे.

शोकसभा घेऊ नये. घेतली तर दोन मिनिटे उभे राहण्याऐवजी सगळ्यांनी बसावे.

कलम ११. व्यवस्थापक.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्री. चंद्रप्रकाश यांनी करावी. त्यांनी होकार दिला आहे. "बोलायला लागेल का कुठे?" असे त्यांनी विचारले. नाही म्हटल्यावर तयार झाले.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे वकील म्हणतात. शुभाताईंना साक्षीदार हवे म्हणून त्यांना काही देता आलेले नाही. दोन वर्षे त्यांनी जे सांभाळले त्याच्या मोबदल्यात देण्यासारखे माझ्याकडे तसेही काही नव्हते.

वर लिहिलेले सर्व मी पूर्ण समजून, कोणाच्याही टाळीची अपेक्षा न ठेवता लिहिले आहे.

गुणाजी सखाराम घाडी
(मृत्युपत्र करणार)

साक्षीदारांचे निवेदन : वरील मृत्युपत्र आज आम्हां दोघांच्या समक्ष वाचले गेले व त्यावर श्री. घाडी यांनी आमच्यासमोर सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर सह्या करीत आहोत. वाचन डॉ. कर्णिक यांनी केले. वाचायला बराच वेळ लागणार असल्याने बसून ऐकावे, असे आम्ही दोघांनी त्यांना सुचवले. खुर्ची पुढे केली. श्री. घाडी म्हणाले, "तुमी वाचा, मी उभो रवतंय." वाचन संपेपर्यंत ते काठीवर वाकून उभे होते आणि या सर्व वेळात एक शब्दही बोलले नाहीत.

साक्षीदार १ : शुभा टिपणीस, सदनिका क्रमांक २, तळमजला, सागरदीप

साक्षीदार २ : डॉ. देवव्रत कर्णिक, नवघर रोड

ठिकाण : मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक : २ फेब्रुवारी २०२५